इराणी भित्तिचित्रांमधल्या स्त्रिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इराणी भित्तिचित्रांत स्त्रिया नेमक्या कुठे पाहायला मिळतात?

आज जागेवर जाऊन पाहायचं तर पहिलं नाव इस्फहानचं. तिथल्या चेहेल सोतून महालात मोठी दरबारी चित्रं आहेत, खाली छोट्या बागेतल्या बैठका आहेत, आणि बाजूच्या खोल्यांत प्रेमकथांतले प्रसंग आहेत. तिन्ही ठिकाणी स्त्रिया भेटतात. शहरातल्याच आली कापू महालाच्या वरच्या मजल्यांवर एकेकट्या उभ्या किंवा रेललेल्या आकृती आहेत, बऱ्याच खरवडलेल्या. १६६९ च्या सुमाराचा हश्त बेहेश्त हा मंडप कधीकाळी चित्रांनी भरलेला होता. आता त्यातलं थोडंच उरलं आहे. झायंदे नदीपलीकडे नव्या जुल्फा या आर्मेनियन वस्तीतल्या व्यापाऱ्यांच्या घरांतही मानवाकृती रंगवलेल्या आहेत. काजार काळातल्या (काजार म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणवर राज्य करणारं घराणं) स्त्रिया पाहायच्या असतील तर शिराझचं नारेंजेस्तान आणि झीनत-उल-मुल्कचं घर, तसंच काशानच्या हवेल्या.

त्याआधीच्या काळातलं बहुतेक सगळं जमिनीखालून निघालेलं आहे, आणि तुकड्यातुकड्यांनी जगभरच्या संग्रहालयांत गेलेलं आहे.

चित्रातली स्त्री कोण आहे हे कसं ओळखायचं? चेहरे तर सगळे सारखेच दिसतात.

चेहऱ्यावरून ओळखायला जाल तर फसाल. सफावी (सोळाव्या-सतराव्या शतकांत इराणवर राज्य करणारं घराणं) काळातल्या चित्रकाराच्या दृष्टीने सुंदर चेहरा एकच: चंद्रासारखा गोल, जुळत आलेल्या भुवया, बारीक ओठ, लांबट डोळे. राणी, नर्तकी, काव्यातली नायिका आणि कोवळा तरुण या सगळ्यांना तोच चेहरा मिळतो. त्यात खाक्याची भर. जाड कागदावर चित्र काढून रेघेवर सुईने बारीक छिद्रं पाडायची, कागद भिंतीला धरायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची. भिंतीवर ठिपके उमटतात, ते जोडले की आकृती तयार. आपल्याकडे भरतकामाचा खाका असाच उतरवतात. कागद उलटा धरला की तीच आकृती आरशातल्यासारखी दुसऱ्या कोपऱ्यात येते. त्यामुळे एकाच दालनात समोरासमोर दोन ‘बहिणी’ दिसल्या तर त्या बहुधा एकाच कागदातून आलेल्या असतात.

म्हणून बघताना क्रम असा ठेवा. आधी भिंत: हे चित्र इमारतीत कुठल्या दालनात आहे, किती उंचीवर आहे, आणि त्या दालनात कोणाला प्रवेश होता? मग हात: हातात डफ आहे, पेला आहे, सुरी आहे की काहीच नाही? मग सोबत: शेजारी घोडा, तंबू, हौद, ज्वाळा, म्हातारा फकीर असं काही आहे का? त्यानंतर कपडे. चेहरा सगळ्यांत शेवटी. या क्रमाने गेलं तर दहांपैकी बहुतेक आकृतींचं निदान स्थान तरी ठरवता येतं. उलट्या क्रमाने गेलं की प्रत्येक स्त्री ‘राजकन्या’ होऊन बसते, आणि मार्गदर्शकांच्या तोंडी आज नेमकं तेच झालं आहे.

चेहेल सोतूनच्या मोठ्या सभागृहातल्या स्त्रिया कोण?

हे दालन नीट समजून घेण्यासारखं आहे. शाह अब्बास दुसरा याच्या कारकिर्दीत, १६४७ मध्ये महाल पूर्ण झाला. १७०६ मध्ये आग लागली आणि त्यानंतर दुरुस्ती झाली. दोन्ही वर्षं इमारतीतल्याच शिलालेखांत हिजरी सनांत, १०५७ आणि १११८ अशी, नोंदलेली आहेत.

सभागृहाच्या वरच्या भागात सहा भव्य चित्रं आहेत. त्यांतली चार सफावी काळातली. तीन मेजवान्या: शाह तहमास्पने १५४४ मध्ये परागंदा हुमायूनचं केलेलं स्वागत, शाह अब्बास पहिला आणि बुखाऱ्याचा वली मुहम्मद खान, आणि शाह अब्बास दुसरा व नद्र मुहम्मद खान. चौथं चित्र शाह इस्माईलच्या उझबेकांशी झालेल्या लढाईचं. चाल्दिरान (उस्मानी तुर्कांशी झालेली) आणि कर्नाळ या दोन लढायांची चित्रं नंतरची आहेत. कर्नाळचं म्हणजे आपल्या इतिहासातलं १७३९ चं, नादिरशाह आणि दिल्लीचा मुहम्मदशाह यांचं.

हुमायूनच्या स्वागताच्या चित्रात मध्यभागी दोन राजे बसलेले, दोन्ही बाजूंना सरदारांच्या रांगा, आणि अगदी पुढे, पाहणाऱ्याच्या जवळ, वादक आणि नाचणाऱ्या स्त्रिया. नद्र मुहम्मदाच्या मेजवानीतही नर्तकी आहेत. या धंदेवाईक कलावंतिणी. राजघराण्यातल्या बायका नव्हेत. सफावी राजघराण्यातल्या स्त्रियांची नावानिशी चित्रं दरबारी भिंतीवर काढायची रीत नव्हती.

मग राजकीय चित्राच्या सगळ्यांत पुढच्या जागी नर्तकी का? कारण हे दालन परदेशी पाहुण्यांच्या स्वागताचं होतं. खाली खरी मेजवानी चालू, वर भिंतीवर रंगवलेली मेजवानी. शाहाच्या आश्रयाला आलेल्या राजालाही इथे गाणं, नाच आणि भरलेला पेला मिळतो, हे पाहुण्याला न बोलता सांगायचं होतं. नर्तकी त्या आदरातिथ्याचा पुरावा म्हणून तिथे आहे. तिला निव्वळ शोभा समजून पुढे सरकलं तर चित्राचा अर्धा अर्थ निसटतो.

याच सभागृहात खालच्या बाजूला ज्या लहान चित्रांत स्त्रिया उशीला टेकून बसल्या आहेत, ती रेझा अब्बासीने काढली का?

नाही. रेझा अब्बासी हा इस्फहानच्या दरबारातला नामांकित चित्रकार १६३५ मध्ये वारला. महाल त्यानंतर बारा वर्षांनी पूर्ण झाला. ही चित्रं त्याच्या शैलीत वाढलेल्या पुढच्या पिढीची आहेत. ‘रेझा अब्बासीची चित्रं’ असं पोस्टकार्डांवरही छापलेलं आढळतं, ते चूक.

शैली मात्र खरोखरच कागदावरच्या चित्रांची आहे. त्या काळात इस्फहानात एकट्या आकृतीची सुटी चित्रं विकत मिळत, संग्रहकर्ते ती मुरक्क्यात म्हणजे चित्रसंग्रहाच्या वहीत चिकटवत. तीच डौलदार, एक गुडघा उभा करून बसलेली आकृती मोठी करून भिंतीवर आणली. डोळ्यांच्या उंचीला, हाताच्या अंतरावर. वरच्या राजांकडे मान वर करून बघायचं आणि या स्त्रियांकडे जवळ जाऊन, ही योजना मुद्दाम केलेली आहे.

तिथे सतीचं चित्र आहे, हे खरं का?

खरं आहे. चेहेल सोतूनच्या एका बाजूच्या छोट्या खोलीतल्या भिंतीवर चितेच्या ज्वाळांत पतीसोबत जळणारी हिंदू वधू रंगवलेली आहे. मराठी वाचकाला या चित्राची वाट जवळची वाटेल, कारण तिची सुरुवात खानदेशच्या जुन्या राजधानीतून, बुऱ्हाणपुरातून होते.

खुरासानातल्या खबूशानचा नौई हा फारसी कवी हिंदुस्थानात आला, अकबराचा मुलगा शाहजादा दानियाल याच्या आश्रयाला राहिला आणि १६१० मध्ये बुऱ्हाणपुरातच वारला. त्याने ‘सूझ ओ गुदाझ’ म्हणजे जळणं आणि वितळणं या नावाचं काव्य रचलं. वरातीच्या वेळी जुनी कमान कोसळून नवरदेव दबून मरतो. वधू सती जायचं ठरवते. अकबर तिला धन देऊ करतो, समजावतो, ती ऐकत नाही. शेवटी दानियाल तिच्याबरोबर चितेपर्यंत जातो. हे काव्य इराणात लोकप्रिय झालं, त्याच्या सचित्र पोथ्या निघाल्या, आणि तोच प्रसंग शाहाच्या महालाच्या भिंतीवर चढला.

चित्र पाहताना एक भान हवं. सूफी वळणाच्या फारसी वाचकाला ती वधू म्हणजे दिव्यावर झेप घेणारा पतंग होती: प्रियकरात विरून जाणाऱ्या प्रेमाची पराकाष्ठा. प्रत्यक्ष जळणाऱ्या बाईचं काय, हा प्रश्न ना काव्य विचारत ना भिंत. आपण तो विचारावा. पण हे चित्र म्हणजे डोळ्यांनी पाहिलेल्या सतीची नोंद असं मात्र लिहू नये. ते काव्याचं चित्र आहे.

काव्यांमधले इतर कोणते प्रसंग भिंतींवर वारंवार येतात? ते ओळखायच्या खुणा सांगा.

सगळ्यांत जास्त येते ती शिरीन. निझामी या फारसी कवीच्या कथेत ती वाटेत घोडा थांबवून ओढ्यात अंघोळ करते आणि खुस्रो तिला पाहतो. खुणा: कमरेला निळं वस्त्र गुंडाळलेली, पाण्यात बसून केस विंचरणारी स्त्री, जवळ काळा घोडा, आणि टेकडीआडून डोकावणारा घोडेस्वार, ज्याचं एक बोट ओठांवर आहे. हे बोट म्हणजे आश्चर्याची फारसी खूण. आपण ‘तोंडात बोट घालणं’ म्हणतो, तंतोतंत तेच. हमामांच्या म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांच्या भिंतींनाही हा विषय शोभून दिसे.

झुलेखा ओळखायची ती सुरीवरून. युसुफच्या रूपाने भान हरपलेल्या बायका फळं कापताना स्वतःची बोटं कापून घेतात. घोळक्यात बसलेल्या स्त्रियांच्या हातांत सुरी आणि नारिंगासारखं फळ, आणि आत येणाऱ्या तरुणाच्या डोक्याभोवती ज्वाळांचं वलय असेल तर शंका घ्यायला नको.

काजार काळात शेख सनआन आणि ख्रिस्ती मुलगी यांना फार मागणी होती. पांढऱ्या दाढीचा म्हातारा गुडघ्यावर, समोर त्याला मद्याचा पेला देणारी तरुणी, मागे गोंधळलेले शिष्य. अत्तार या सूफी कवीच्या कथेत हा शेख तिच्यापायी डुकरंही राखतो, म्हणून कोपऱ्यात डुक्कर दिसलं तर ओळख पक्की. तंबूत बसलेली स्त्री आणि बाहेर हाडं उरलेला, जनावरांनी वेढलेला माणूस म्हणजे लैला-मजनू. उंटावर शिकाऱ्यामागे बसून चंग हे तंतुवाद्य वाजवणारी ती बहराम गूरची आझादे.

ही स्त्री आहे की तरुण मुलगा, हे कळत नाही.

तुमची नजर चुकलेली नाही. सफावी चित्रांत हा घोळ मुळातच आहे. सौंदर्याचा आदर्श दोघांना एकच होता.

डोक्यापासून सुरुवात करा. पुरुषाच्या डोक्याला बहुधा पागोटं किंवा फरची किनार असलेली टोपी. स्त्रीच्या डोक्यावर पाठीवर सुटलेलं पांढरं वस्त्र, कपाळावर पट्टी किंवा तुरा, आणि बऱ्याचदा गालांवरून हनुवटीखाली गेलेला मोत्यांचा सर. मग कमर: खंजीर असेल तर पुरुष. मग पाय: अंगरख्याखालून तिरप्या फुलपट्ट्यांचा भरजरी पायजमा डोकावत असेल तर स्त्री असण्याची शक्यता खूप वाढते. अंगातल्या सदऱ्याला गळ्यापासून छातीपर्यंत उभी चीर असते. त्याला फारसीत पीराहन म्हणतात, आपली ‘पैरण’ तिथूनच आली. वरचा झगा कबा, तो जुन्या मराठी कागदांतला ‘कबाय’.

एका खुणेवर निर्णय देऊ नका. निदान दोन जुळायला हव्यात. आणि जुळल्या नाहीत तर ‘तरुण आकृती’ असं लिहून थांबणं हेच प्रामाणिक.

काजार स्त्रिया एवढ्या वेगळ्या का दिसतात?

दीडशे वर्षांत चित्रकाराची नजर बदलली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फरंगी पद्धत, म्हणजे छायाप्रकाश देऊन गोलाई आणणं, इस्फहानात शिरली. चेहेल सोतूनच्या बाहेरच्या बाजूच्या ओसऱ्यांतच युरोपी पोशाखातले स्त्री-पुरुष रंगवलेले आहेत. फत्हअली शाहाच्या काळात (१७९७–१८३४) त्यातून एक नवी दरबारी शैली घडली: नाकावर भेटणाऱ्या जाड काळ्या भुवया, मेंदीने रंगलेली बोटं, गालावर तीळ, पारदर्शक आखूड सदरा आणि जडजवाहिराने ताठ झालेलं वस्त्र. नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, हातांवर उलट्या तोल सांभाळणाऱ्या कसरतपटू स्त्रिया, सगळ्या पाहणाऱ्याकडे सरळ रोखून बघतात.

इथे एक गल्लत नेहमी होते. वर कमानीचा आकार असलेली ही मोठी चित्रं बहुतांशी कापडावरची तैलचित्रं आहेत. कोनाड्यात बसवण्यासाठी ती त्या आकारात केलेली असत, पुढे काढून विकली गेली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही अशी आहेत. ती भिंतीसाठी होती, भिंतीवर रंगवलेली नव्हती. तपशील लिहिताना हा फरक जपा.

आणि दरबारी जागा आठवा: फत्हअली शाहाच्या नेगारेस्तान महालात अब्दुल्ला खानाने १८१२–१३ च्या सुमारास शंभरांहून अधिक माणसांचं नवरोझच्या दरबाराचं भव्य चित्र केलं. मूळ नष्ट झालं, नकला आहेत. त्यात राजपुत्र, सरदार, परदेशी वकील सगळे आहेत. स्त्री एकही नाही. सफावी मेजवानीतली नर्तकी काजार दरबाराच्या भिंतीवरून हटली आणि खाजगी दालनांत गेली.

शिराझच्या छतांवर युरोपी बायका कशा आल्या?

छापील चित्रांतून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातली शिळाछापाची चित्रं आणि रंगीत कार्डं इराणात भरपूर येऊ लागली. नारेंजेस्तानासारख्या घरांत लाकडी छताच्या तुळया आणि फळ्या रंगवताना कारागिरांनी त्यातले चेहरे, हॅट, निसर्गदृश्यं उचलली आणि फुलापानांच्या चौकटींत बसवली. कोणा ओळखीच्या बाईंची ती चित्रं नाहीत. घरमालकाची ऐपत आणि जगाशी असलेली ओळख दाखवणारी ती खूण होती.

इस्लाममध्ये चित्रं निषिद्ध ना? मग या स्त्रिया कशा?

मशिदीत नाहीत. महालात, हमामात, घरात आहेत. दोन्ही जागांचे नियम वेगळे होते आणि राज्यकर्त्यांनी ते वेगळेच ठेवले.

शिया इमामजाद्यांच्या, म्हणजे दर्ग्यासारख्या समाधीस्थळांच्या भिंतींवर काजार काळात करबलाची चित्रं काढली गेली. इस्फहानचा इमामजादे शाह झैद आणि गीलानमधली गावोगावची स्थळं ही त्याची उदाहरणं. तिथे पैगंबरांच्या घराण्यातल्या स्त्रियांचे चेहरे पांढऱ्या वस्त्राने झाकलेले दाखवतात. तंबूजवळ उभ्या अशा बुरख्यातल्या आकृती दिसल्या की त्या चित्राची जागा आणि विषय दोन्ही कळतात.

सफावी काळाआधीचं काय उरलं आहे?

थोडं, पण मोलाचं. सीस्तानात हामून सरोवरातल्या कूह-ए ख्वाजा टेकडीवर राजा आणि त्याच्याशेजारी राणी असं भित्तिचित्र सापडलं. पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाईन १९१५–१६ मध्ये तिथे गेले, त्यानंतर जर्मन पुरातत्त्वज्ञ हर्झफेल्ड. काळाबद्दल पार्थियन की सासानी (इस्लामपूर्व इराणची लागोपाठची दोन राजघराणी) असा वाद चालू आहे. जागेवरचं बरंचसं नष्ट झालं. स्टाईनने काढून आणलेले तुकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. जायच्या आधी ते मांडलेले आहेत का हे संग्रहालयाला विचारून घ्या.

खुरासानातल्या नैशापूरला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९३५–४० आणि १९४७ मध्ये उत्खनन केलं. नवव्या-दहाव्या शतकांतल्या भिंतींचे तुकडे निघाले, त्यांत गालावर बट ओघळलेले स्त्रियांचे चेहरे आहेत. पंजिकंद आणि समरकंदजवळचं अफ्रासियाब ही मध्य आशियातल्या सोग्दी लोकांची शहरं. भाषा इराणी कुळातली, पण आजच्या इराणबाहेरची. पंजिकंदची चंग वाजवणारी स्त्री रशियातल्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. तिला ‘पर्शियन’ म्हणण्यापेक्षा ‘सोग्दी’ म्हणा.

बिशापूरच्या वीणावादिनी आणि पंखा धरलेल्या स्त्रिया भित्तिचित्रं म्हणून फिरतात. त्या जमिनीवरच्या दगडी तुकड्यांच्या नक्षीतल्या आहेत.

आणि समारा. इराकातल्या या अब्बासी खलिफांच्या राजधानीच्या महालातल्या दोन नर्तकी, हात एकमेकींत अडकवून मानेमागून मद्य ओतणाऱ्या, पुस्तकापुस्तकांत दिसतात. जे छापतात ते हर्झफेल्डने तुकडे जुळवून केलेलं रेखाटन. १९११–१३ च्या उत्खननातलं मूळ चित्र हरवलं आहे. त्या रेखाटनातल्या गुळगुळीत रेघेवरून नवव्या शतकातल्या चित्रकाराच्या हाताबद्दल बोलता येत नाही.

ही चित्रं ओल्या चुन्यावर काढत का?

नाही, म्हणून त्यांना ‘फ्रेस्को’ म्हणू नये. सफावी भिंत अशी तयार होई: विटेवर काहगेल म्हणजे माती आणि भुश्श्याचा गिलावा, त्यावर जिप्समचा थर. जिप्समला फारसीत गच म्हणतात. आपल्या गचकामातला गच तोच. जिप्समचा दगड १२० ते १८० अंशांपर्यंत भाजून दळला आणि पाण्यात कालवला की दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतो. एवढ्या वेळात मोठी भिंत गुळगुळीत करता येत नाही. म्हणून शेवटच्या थरासाठी ‘गच-ए कुश्ते’, म्हणजे मारलेला गच वापरत: भरपूर पाण्यात कालवून, आळायची त्याची ताकद जाईपर्यंत ढवळत राहायचं. असा लगदा हळू सुकतो आणि हाताखाली लोण्यासारखा फिरतो. तो सुकल्यावर खळीचा हात, मग खाका, मग सरस किंवा डिंकात खललेले रंग.

दागिने, मुकुट, तुरे उठावदार हवे असतील तर तिथे लेपाचे थर चढवून फुगवटा आणत आणि वर सोन्याचा वर्ख लावत. याला लाये-चीनी म्हणतात. बाजूने पाहिलं तर मोत्यांचे सर खरोखर वर आलेले दिसतात.

रंगांची नावं मराठी माणसाला नवी नाहीत: लाजवर्द (गडद निळा), नीळ, हिंगूळ (लाल), शेंदूर, गेरू, हरताळ (पिवळा), जंगाल (तांब्याचा हिरवा), सफेदा (पांढरा).

चेहरे काळे-राखाडी का पडले आहेत? धुरामुळे?

कधी धूर, पण बऱ्याचदा रंगाचाच दोष. सफेदा शिशाचा असतो. हवेतल्या गंधकाशी संयोग झाला की तो काळवंडतो. गोऱ्या गालासाठी सफेद्यात हिंगूळ किंवा शेंदूर मिसळलेला असे, त्यामुळे नेमका चेहराच मळकट दिसतो आणि बाजूचं निळं वस्त्र ताजंतवानं राहतं. शेंदूरही शिशाचाच; तो उजेडात आणि दमटपणात तपकिरी-काळा होतो. हरताळात गंधक असतं, म्हणून तो सफेद्याला किंवा तांब्याच्या जंगालाला खेटून लावला तर दोघांची सीमा काळी पडते. पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला आपण हाच हरताळ फासत होतो, तिथे मात्र तो उपकारक ठरे. जंगाल आपल्या खालचा थर खातो. हिरवी ओढणी पापुद्रे निघून गळालेली दिसते, त्याचं कारण हे.

पाणी हा सगळ्यांत मोठा शत्रू. जिप्सम लिटरमागे २ ते २.५ ग्रॅम विरघळतो. छत गळलं की तो पाण्याबरोबर सरकतो, कडेला पांढरे खडे धरतो आणि रंगाला आतून ढकलून पाडतो. अशा भिंतीवर ओलं फडकं फिरवणं म्हणजे चित्र पुसणंच.

स्त्रियांचेच चेहरे मुद्दाम खरवडले का?

काही ठिकाणी हो, पण आधी खुणा वाचा. फक्त डोळे किंवा चेहरा खरवडलेला आणि बाकी वस्त्र शाबूत असेल तर तो हेतू आहे. आणि तेव्हा शेजारच्या पुरुषाचा चेहराही तपासा, पुष्कळदा तोही गेलेला असतो. हात पोचेल एवढ्याच उंचीपर्यंत ओरखडे, नावं, तारखा असतील तर ती येणाऱ्या-जाणाऱ्यांची कर्तबगारी. वरून खाली ओघळ असतील तर छत. साऱ्या चित्रभर सारख्या अंतरावर टोचे असतील तर ते टाचे: नवा गिलावा धरावा म्हणून गवंड्याने जुन्या भिंतीवर मारलेले घाव.

चेहेल सोतूनमधली पुष्कळ चित्रं एकोणिसाव्या शतकात अशीच गिलाव्याखाली गेली. एका अर्थी त्यानेच ती वाचवली. १९६४ पासून रोमच्या इस्मेओ संस्थेच्या पथकाने, एउजेनिओ गाल्दिएरी यांच्यासह, इराणी कारागिरांबरोबर इस्फहानच्या महालांवर काम केलं तेव्हा ती पुन्हा उजेडात आली.

मूळ रंग आणि नंतरची दुरुस्ती वेगळी कशी ओळखू?

भिंतीला चिकटून तिरपा उजेड पडतो तेव्हा पाहा. सकाळी खिडकीजवळच्या भिंतींवर हे आपोआप साधतं. भरलेला भाग किंचित खोलगट किंवा उंच दिसतो. जवळून बारीक समांतर रेघांनी रंग भरलेला दिसला तर तो आधुनिक जीर्णोद्धार: दुरून मिसळतो, जवळून कबुली देतो. तो चांगला. वाईट दुरुस्ती म्हणजे बाह्यरेषा पुन्हा गिरवणं. मूळ रेघ दाबाप्रमाणे जाड-बारीक होत जाते. गिरवलेली एकाच जाडीची, आणि भेगेच्या आतही उतरलेली असते. रंगाने भेग झाकली असेल तर रंग भेगेनंतरचा, हा साधा नियम सगळीकडे चालतो. भुवया आणि ओठ सर्वांत जास्त वेळा गिरवले गेले आहेत.

प्रत्यक्ष बघायला जाताना काय न्यावं, फोटो कसे घ्यावेत?

आठपटीची दुर्बीण, वरची चित्रं त्याशिवाय कळत नाहीत. फ्लॅश बंद. आधी सगळी भिंत एका फोटोत, दारासह, म्हणजे जागा आणि उंची नोंदली जाते. मग पूर्ण आकृती, मग हात आणि पाय, मग चित्राची कड. चेहऱ्याचा फोटो सगळे घेतात. हातांचा कोणी घेत नाही, आणि घरी परतल्यावर ओळख पटवायला नेमका तोच लागतो. चेहेल सोतूनच्या मोठ्या सभागृहाला एक तास आणि छोट्या खोल्यांना निदान तेवढाच वेळ ठेवा. गटासोबत गेलात तर छोट्या खोल्या हमखास राहतात, आणि सगळ्यांत बोलक्या स्त्रिया तिथेच आहेत.

अजिंठ्यातलं ‘खुस्रो आणि शिरीन’चं चित्र खरं का?

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोपी आणि पट्टेदार मोज्यांतला परदेशी पुरुष पेला घेऊन बसलेला आहे, शेजारी स्त्री, भोवती सेवक-सेविका. १८७९ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी हा सासानी सम्राट खुस्रो दुसरा असल्याचं मांडलं. भिंतीवरच्या परदेशी वकिलांच्या प्रसंगाशी सांगड घालून चालुक्य पुलकेशी दुसरा आणि खुस्रो यांची भेट असं ते रूढ झालं, आणि शेजारची स्त्री आपसूक शिरीन ठरली.

अडचण तारखेची आहे. खुस्रो दुसऱ्याचा काळ ५९० ते ६२८, पुलकेशीचा ६१० ते ६४२. पहिलं लेणं वाकाटक हरिषेणाच्या वेळचं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, असं आता बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे खुस्रोच्या जन्माआधीचं चित्र. पोशाख मात्र पश्चिमेकडून आलेल्या व्यापारी-परदेश्यांचा आहे आणि तो पाहून काढलेला आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून अशी माणसं दख्खनेत येत होती. तेव्हा तिला शिरीन म्हणू नका. इराणी वेशातल्या पुरुषाशेजारी बसलेली स्त्री, दख्खनी चित्रकाराने काढलेली, एवढं म्हणा.

लेखात किंवा पोस्टमध्ये चित्राखाली ओळ कशी लिहावी?

आकृती काय करते ते, मग विषय ठाम असेल तरच, मग इमारत, दालन, शहर, काळ, आणि शेवटी स्थिती. उदाहरणार्थ: ‘शेला कमरेला बांधलेली नर्तकी, शाह तहमास्प आणि हुमायून यांच्या मेजवानीच्या चित्रातून, चेहेल सोतून, मोठं सभागृह, इस्फहान, सतराव्या शतकाचा मध्य, गचावर रंग आणि सोनं, नंतरच्या दुरुस्तीसह.’ चित्रकाराचं नाव सहीने किंवा लेखाने सिद्ध नसेल तर ती जागा मोकळी सोडा.